गोष्टीला शेवट हवा

एकोणीसशे तिसाच्या सुमारास मी रत्नागिरीत शाळामास्तर होतो आणि फावल्या वेळात भुताच्या गोष्टी लिहीत होतो. मुंबईच्या एका मासिकाकडून त्या साभार परत येत. संपादकांनी एकदा लिहिलं, "तुमचं भूत फार ओरडतं." मला राग आला, पण खोटं नव्हतं.

शेजारी एका खलाशाची बायको राहायची. मी तिला वैनी म्हणत असे. तिचा नवरा जयगडहून मचव्यावर गेला, त्याला सहा वर्षं झाली होती. मचवा बुडाला, प्रेत मिळालं नाही. अशा माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मगच क्रियाकर्म. तोवर बायकोचं कुंकू राहतं. बुडालेल्या खलाशाची माझी गोष्ट मी तिलाच वाचून दाखवली. तेवढी अक्कल तेव्हा नव्हती. त्यात तो विजांच्या कडकडाटात पुढच्या दारात किंकाळ्या फोडतो. बांगडे साफ करता करता वैनी हसली.

"वरडंल कशाला, मास्तर? आपल्याच घरात येतो ना? दुपारचा येतो, मागल्या दारी. पाय धुतो नि जातो."

मागच्या पायरीवर भरलेला तांब्या होता. संध्याकाळी तो रोज अर्धा झालेला असतो, म्हणाली. मांजर पीत असेल, असं मी म्हणणार होतो. पण अंगावर काटा आला होता, आणि खरं सांगायचं तर हावही सुटली होती.

घरी येऊन विजा, किंकाळ्या सगळं खोडलं. पायरी, ऊन आणि पाणी एवढंच ठेवलं. संपादक खूश झाले. फक्त गोष्टीला शेवट हवा, म्हणाले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! बारा वर्षं पुरी व्हायच्या आधीच मी गोष्टीतल्या बायकोला कुंकू पुसायला लावलं आणि त्याचं येणं थांबवलं. गोष्ट छापून आली. मी ती मोठ्या दिमाखात वैनीला वाचून दाखवली.

चार दिवसांनी ती माझ्या दारात उभी राहिली. "पानी कमी व्हत न्हाय, मास्तर. तुमी त्याला बंद केलात. आता तुमीच आना."

इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. त्याच दुपारी दुसरी गोष्ट लिहायला बसलो. तिचा नवरा मी कधी पाहिला नव्हता, आणि तो चालायचा कसा, हे तिला विचारायचंही सुचलं नाही. मनानेच एक खलाशी रचला, पायरीपर्यंत आणला आणि तिच्या पडवीत बसून वाचून दाखवला.

शेवटच्या ओळीला मागे पाणी सांडल्याचा आवाज झाला. वैनी धडपडत उठली, मागल्या दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली.

"कोन तरी आलाय, मास्तर," ती मागे न वळता म्हणाली. "पन ह्यो आमचा न्हाय."