उलटी सलाइन

काल बावधनच्या घरी लेकीने माशांची छोटी टाकी आणली. पंप सुरू होताच बुडबुड बुडबुड असा आवाज आला आणि मी हातातली कणीक टाकून धावले. तोच आवाज!

तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मुळशीच्या दवाखान्यात नवी डॉक्टर होते. मेंढरं राखणाऱ्या भागूजींना माजलेल्या एडक्याने धडक दिली होती. मोडलेली बरगडी फुप्फुसाला टोचून छातीत हवा कोंडली होती, ओठ निळे पडले होते. मी पहिल्यांदाच एकटीने बरगड्यांमधून नळी आत सरकवली. फस्सकन हवा सुटली! नळीचं दुसरं टोक जमिनीवरच्या बाटलीत, पाण्याखाली होतं. हवा बाहेर पडेल, पण परत आत शिरणार नाही. त्या पाण्यात बुडबुड्यांची नुसती झुंबड उडाली, आणि ओठांवर लाली परतली. मला तर नाचावंसं वाटत होतं!

हात धुऊन वळते तो काय, त्यांची बायको ठकूबाई ती बाटली उचलून सलाइनच्या स्टँडला टांगायला निघालेली!

"अहो, खाली ठेवा! पाणी छातीत जाईल!" मी किंचाळले.

त्यांनी ती झटकन खाली ठेवली. "मला काय ठावं? म्हनलं सलाइन हाय, वर टांगल्याबिगर उतरायची न्हाई."

"ही उलटी सलाइन आहे, मावशी. ही आतलं बाहेर काढते."

मग त्या बाटलीशेजारीच ठाण मांडून बसल्या. मोठे डॉक्टर आले, तर त्यांनाही दरडावलं, "उलटी सलाइन हाय, वर उचलायची न्हाई!"

आता विद्यार्थ्यांना ही नळी घालायला शिकवताना मी 'उलटी सलाइन' हेच दोन शब्द आधी सांगते.

"आई, टाकी कपाटावर ठेवू?" काल मी धावत पोचताच लेकीने विचारलं.

"खाली!" मी ओरडले.