रिठ्याच्या पाण्यात धुतलेला मोसम

आमच्या सासूबाईंनी एका अमेरिकन बेसबॉल संघाचा युद्धकाळातला अख्खा मोसम रिठ्याच्या पाण्यात धुऊन काढला.

हे घडलं इंग्लंडमध्ये, हॅम्पशायरमधल्या बेसिंगस्टोकला. आमच्या शेजारी डोरोथी राहतात. ऐंशीच्या पुढच्या, जन्माने अमेरिकन, लग्न करून इंग्लंडला आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांचे वडील महायुद्धात एका व्यावसायिक बेसबॉल संघातून खेळले. एकच मोसम! चांगले खेळाडू सैन्यात गेलेले, म्हणून मॅनेजरने उरलेसुरले गोळा केले होते. एका कानाने बहिरा पिचर (म्हणजे बोलर), पोट सुटलेला रिटायर्ड कॅचर (म्हणजे विकेटकीपर) आणि सपाट तळव्यांमुळे सैन्याने परत पाठवलेले डोरोथींचे वडील. चांगलं रबर सगळं युद्धाला जायचं, त्यामुळे चेंडू असा मिळायचा की कितीही जोरात हाणा, बटाट्यासारखा जवळच पडायचा. संघ मोसमभर हरला. शेवटच्या मॅचमध्ये मात्र भर पावसात वडील चिखलातून घसरत होम प्लेटला पोचले (आपल्या भाषेत, डाइव्ह मारून रन पूर्ण केला) आणि संघ जिंकला!

ती चिखलाने माखलेली, फाटलेली लोकरी जर्सी त्यांच्या घरात कुणी कधी धुतली नाही. रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये युद्धकाळातल्या वस्तूंचं प्रदर्शन होतं, तिथे ती मांडायची होती. मी उत्साहाने डोरोथींना म्हणालो, "मी फोटो काढून पोस्टर करतो." शुक्रवारी जर्सी घरी आणली आणि निघताना वर म्हणालो, "काळजीच करू नका. आमच्याकडे ती तुमच्या घरापेक्षा सेफ आहे."

शनिवारी मी आणि बायको, मंजिरी, आठवड्याचं शॉपिंग करून परत आलो. नागपूरहून आलेल्या सासूबाई गार्डनमध्ये प्रसन्न उभ्या होत्या. त्यांच्या मागे दोरीवर काहीतरी लखलखत होतं.

"जावईबापू, तो कळकट सदरा धुतला बरं का!"

माझ्या हातातली अंड्यांची पेटी खाली पडली.

"आई, मशीनमध्ये?" मंजिरीने किंचाळून विचारलं.

"छे! लोकरीचा कपडा मशीनमध्ये घालतात का कुणी? रिठे आणलेत ना मी. थंड पाण्यात, हलक्या हाताने. काय माती निघाली बाप्पा! तीन बादल्या पाणी काळं झालं."

तीन बादल्या! बहिरा पिचर, ढेरपोट्या कॅचर, तो एकमेव विजय, सगळं बेसिंगस्टोकच्या गटारातून वाहत गेलं होतं.

"आणि थोडी नीळ दिली," सासूबाई म्हणाल्या.

मी जवळ गेलो. जर्सी चांदण्यासारखी निळसर झाली होती.

"बगलेत फाटला होता, तिथे रफू केलं. दिसतंय का सांगा!"

दिसत नव्हतं. त्या शेवटच्या मॅचमध्ये समोरच्या संघाच्या कॅचरच्या बुटाच्या खिळ्याने पडलेली ऐतिहासिक भोकं शोधूनही सापडत नव्हती! आणि जावई असल्यामुळे मी ओरडूही शकत नव्हतो. "छान केलंत, आई," एवढंच तोंडातून निघालं. आवाज कुणाचा होता माहीत नाही.

"फोटो तरी काढलेस ना?" मंजिरीने मला किचनमध्ये ओढून विचारलं.

"आज काढणार होतो."

मंजिरी खुर्चीवर बसली. मग हळूच म्हणाली, "चिखल आपल्याकडेही आहे."

खरंय. हॅम्पशायरमध्ये दुसरं काही नसलं तरी चिखल असतो. आम्ही फुलझाडांच्या वाफ्यात पाइपने पाणी सोडलं. मी चमच्याने चिखल फासायला लागलो, तर मंजिरी म्हणाली, "हे शेण सारवल्यासारखं दिसतंय. घसरल्याचा फराटा यायला हवा. घाल ती जर्सी."

घातली. पोटाशी बटणं लागेनात. मी शेडपासून धावत आलो, वाफ्याशी अंग टाकलं आणि पाठीवर सरकत थेट गुलाबाच्या झुडपात!

"अहो जावईबापू!" सासूबाई दारातून ओरडल्या. "आत्ताच धुतला ना तो!"

"माय गॉड," दुसरा आवाज आला.

कुंपणापलीकडे चहाचा मग घेऊन डोरोथी उभ्या होत्या. मी त्यांच्या वडिलांच्या जर्सीत, गुलाबाचे काटे टोचत असताना, आडवा पडून म्हणालो, "गुड आफ्टरनून."

मग सगळं सांगितलं. डोरोथींचा चेहरा पांढराफटक पडला. सासूबाईंना मंजिरीकडून अर्थ कळला, तशा त्या मटकन पायरीवर बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. त्यांच्याकडे पाहत डोरोथींनी चहाचा मग कुंपणावर ठेवला. मग म्हणाल्या,

"माझे वडील पोटावर घसरले होते."

"काय?"

"पोटावर. हात पुढे. तू उताण्या कासवासारखा आलास. परत जा."

मला वाटलं, चेष्टा आहे. नव्हती! फाटक उघडून त्या आत आल्या आणि मग गार्डनच्या उताराकडे बोट दाखवत, "आणखी लांबून," "मान खाली," "ते घाबरले नव्हते, तू का घाबरतोस?" असं करत त्यांनी मला पुन्हा पुन्हा लोळवलं. शेवटच्या खेपेला मी नाकाने माती उकरत त्यांच्या पायाशी पोचलो, तेव्हा त्यांनी बेसबॉलच्या अंपायरसारखे दोन्ही हात आडवे पसरून आरोळी ठोकली, "सेफ!" म्हणजे नॉट आउट!

आणि त्या रडायला लागल्या. "मी तेव्हा जन्मलेही नव्हते," म्हणाल्या. "आयुष्यभर नुसतं ऐकत आले. आज पाहिलं." सासूबाईंनी त्यांचा हात धरून आत नेलं आणि आल्याचा चहा केला.

रविवारी जर्सी ताज्या चिखलासकट प्रदर्शनात लागली. सोमवारी छाती इतकी दुखायला लागली की मला क्लिनिक गाठावं लागलं. नर्सने दाबून पाहिलं आणि विचारलं, "स्पोर्ट्स इंज्युरी?"

पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मला हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मी अभिमानाने छाती फुगवून "येस!" म्हणालो, आणि बरगडीतून निघालेल्या कळेने तिथेच खाली बसलो.