आमच्या गाण्याचं स्थळ

आमच्या घरानं आजवर दोन मुली उजवल्या आणि एक गाणं. मुलींचं बरं चाललंय.

मी दिवसा कुरकुंभच्या एका कंपनीत पॅकिंगला आणि सुट्टीला बँजो पार्टीत गायला. धाकट्या बहिणीच्या हळदीला आमचे शिरूरचे दाजी रांजणगावची ड्यूटी करून थेट मांडवात आले. अंगात युनिफॉर्म, गळ्यात आयकार्ड! करवल्यांनी आयकार्डालासुद्धा हळद लावली. मी तिथल्या तिथं 'दाजी आले शिफ्टवरून' जुळवलं आणि माईकवर ठोकून दिलं. कुणीतरी व्हिडिओ टाकला. आठवड्याभरात कंपन्यांच्या बसमध्ये तेच गाणं! दाजी महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत (थोरली बहीण म्हणते, तो महिना सुखाचा गेला).

मग गाण्याला दोन मागण्या आल्या. एक मुंबईच्या बड्या म्युझिक कंपनीची, दुसरी केडगावच्या बापूची. बापूची म्युझिक कंपनी म्हणजे पिठाच्या गिरणीवरची एक खोली. गिरणी बंद असली की रेकॉर्डिंग चालू.

"दोन स्थळं आल्यात," आमचे वडील आप्पा म्हणाले. आप्पा रेल्वेतून रिटायर झाले आणि तेव्हापासून गावभरची लग्नं जुळवतात. "रीतसर बघायचा कार्यक्रम करू. बोलाव दोघांनाबी रविवारी!"

"अहो आप्पा, ते गाणं आहे!"

"मग? तुझंच न्हवं? बापानं काळजी नको करायला?"

रविवारी दौंडला आमच्या पुढच्या खोलीत मुंबईच्या मॅडम एका खुर्चीवर, बापू दुसरीवर. पोह्यांचा ट्रे मला धरायला लावला. बायको शोभा दारातून बघत होती. सांगायला लाज वाटते, पण मी खरोखर मान खाली घालून उभा होतो.

"मूळ गाव कुठलं म्हणायचं कंपनीचं?" आप्पांनी सुरुवात केली.

"अंधेरी," मॅडम म्हणाल्या.

"आन् सध्या किती गाणी नांदत्यात तुमच्याकडं?"

मॅडम जरा गोंधळल्या. "म्हणजे... लाखो आहेत, काका."

"भरलं घर हाय!" आप्पा खूश झाले. एवढ्या जावांमध्ये माझं गाणं भांडी घासत बसणार, हे मला तिथंच दिसलं; पण मुलीकडच्यांनी मध्ये बोलायचं नसतं.

आता बापूची पाळी. "आप्पा, माझ्याकडं आगाऊ पैसं न्हाईत. पर गाणं तुमचंच ऱ्हाईल. तुमचा दादाच गाईल, मी नुसतं सगळीकडं पोचवीन. जे येईल ते निम्मं-निम्मं."

आप्पांचा चेहरा उतरला. "गाणं आमच्याच घरी ऱ्हाणार?"

"व्हय."

"आन् तू येऊन-जाऊन?"

"व्हय की!"

"म्हंजी घरजावई!" आप्पा कडाडले. "आमच्यात घरजावई करत न्हाईत!"

बापूच्या घशात पोहे अडकले. मी पाणी दिलं (ट्रेमधूनच). मॅडमनी तेवढ्यात कागद काढले. "सगळे हक्क कायमस्वरूपी कंपनीचे असतील हं."

"बरोबर हाय. द्यायचं तर पुरतंच द्यायचं!"

"अहो, एकदा वाचा तरी," शोभा दारातून म्हणाली. मी वाचलं नाही. बड्या घरचं स्थळ बघून मीही हुरळलो होतोच, खोटं कशाला बोलू! सही केली. आप्पांनी शोभाला मॅडमची ओटी भरायला लावली. नारळ घेऊन गाडी मुंबईला निघाली तेव्हा आप्पांनी डोळे पुसले.

गाणं सासरी गेलं आणि पार बदललं. आवाज दुसऱ्याचा, बँजो गायब, आयकार्डाच्या जागी गॉगल! मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण लेकीनं सासरची फॅशन केली तर माहेरच्यांनी नाक मुरडू नये, असं आप्पांनी बजावलं.

पुढं चुलत भावाच्या हळदीत न राहवून मी माझं जुनं गाणं माझ्या आवाजात गायलो. शोभानं व्हिडिओ टाकला. थोड्याच वेळात आवाज बंद! पडद्यावर मी नुसता तोंड उघडतोय, मिटतोय, हात उडवतोय. खाली सूचना: हे गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे. मॅडमना फोन लावला, उचलला नाही. आप्पांकडे दाद मागितली.

"दिल्या लेकीच्या घरचं पाणीसुदिक पिऊ नये म्हंत्यात," आप्पा म्हणाले, "आन् तू खुशाल गाणं गातूस!"

तेव्हापासून मी ते गात नाही. बापूनं नंतर बँजोवाल्या पक्याचं गाणं काढलं. पक्या ते अजून स्वतःच गातो, हे शोभा मला अधूनमधून सांगत असते.

परवा एका हळदीत स्पीकरवर 'दाजी आले शिफ्टवरून' लागलं. सगळा मांडव नाचतोय, मी कडेला खुर्चीत. नवरदेवाच्या मामांनी माईक माझ्या हातात कोंबला. "म्हणा की पाव्हणं! लई सोपं हाय, कुणालाबी जमतंय."

मी माईक परत दिला. म्हणालो, "नको मामा, शब्द पाठ नाहीत."