पॅलेस्टाईनचा बांध कुणी कोरला?

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. पुढच्या बाजूने मी व्याख्यानाचे मुद्दे लिहायचे आणि मागच्या बाजूने, लोक मध्येच काय बोलले ते. मुद्दे भरपूर होतील आणि बोलणं चार-दोन पानांत मावेल, असा माझा अंदाज होता. सहा रविवारांत मागची बाजू सरकत सरकत मुद्द्यांना येऊन भिडली. मुद्दे एकूण अकरा पानं. बाकी सगळे किस्से!

*

मी परदेशात चार वर्षं मध्यपूर्वेचा इतिहास शिकले आणि विंझरला घरी परत आले. डोक्यात एकच होतं. रोज बातम्या येतात, माणसं मरतात, आणि त्या वादाचं मूळ आपल्या माणसांना आपल्या भाषेत कुणी सांगत नाही. मग मी सांगेन! वाचनालयाची खोली रविवार संध्याकाळसाठी मिळवली. विषय ठरवला: ‘पॅलेस्टाईन: मायभूमीचा अर्थ आणि तिच्या इतिहासाचा वाद’.

जाहिरात बाबांनी अंगावर घेतली. बाबांचं खतांचं दुकान आहे. दुकानाबाहेरच्या फळ्यावर ‘युरिया संपला आहे’ याच्या खाली दोन ओळींची जागा होती. विषय काही मावेना. बाबांनी तो आटोपशीर केला:

‘जमिनीचा वाद. मार्गदर्शन. रविवारी सहा वाजता. चहा मिळेल.’

चाळीस माणसं आली! प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा. वेल्ह्याहून एक जण तर वकील घेऊन आला होता.

मी नकाशा उलगडला आणि म्हणाले, “आज आपण भूमध्य समुद्राच्या काठी जाणार आहोत.”

मागून आवाज आला, “आमचं वढ्याच्या काठी हाय!”

पंधरा मिनिटांत खोली रिकामी झाली. तिघं तेवढे बसून राहिले, कारण चहा अजून यायचा होता. चौथ्या शेवंताकाकू. त्या चहा घेऊन आल्या आणि “कप न्यायला परत कोन यील?” म्हणून तिथेच टेकल्या.

हेच माझं अभ्यासमंडळ.

*

या तिघांची ओळख करून देते. एक निवृत्त तलाठी, म्हणजे भाऊसाहेब. नोकरी सुटून दहा वर्षं झाली, पण खिशात अजून दोन रंगांची पेनं. दुसरे तात्या, वय ऐंशीच्या पुढे, आणि तिसरे अण्णा, सत्तरीचे. हे दोघं मूळचे जांभूळटेपचे, शेजारी शेजारी. जांभूळटेप आता नकाशात नाही. ते पंचवीसेक वर्षांपूर्वी धरणात गेलं आणि गावाला इकडे विंझरजवळ वसाहत मिळाली. वसाहतीतही दोघं शेजारीच. बोलणं मात्र फक्त भांडण्यापुरतं.

*

दुसऱ्या रविवारी मी चार नकाशे शेजारी शेजारी लावले. इंग्रजांच्या अमलातला, फाळणीच्या प्रस्तावातला, अठ्ठेचाळीसच्या लढाईनंतरचा आणि आजचा. आणि काही न बोलता बाजूला उभी राहिले. आमच्या प्राध्यापकांनी असंच केलं होतं, तेव्हा वर्गात सुन्न शांतता पसरली होती.

अण्णा उठले. चष्मा कपाळावर चढवून चारही नकाशे नाकाजवळून पाहिले.

“बांध कोरलाय,” ते म्हणाले.

“अण्णा, ते इतकं सोपं नाहीये...”

“एका दमात कोरला, का दरसाली थोडा थोडा?”

मी विचार केला. “दोन्ही.”

“मंग जानकार मानूस हाय! दरसाली नांगराचं एकच तास वढायचं. कुनाच्या ध्यानात येत न्हाई.”

“ह्याला इचार, पोरी,” तात्या कोपऱ्यातून म्हणाले. “लई अनुभव हाय त्याला. परदेशात नेऊन शिकवायला लाव.”

“म्या कोरला? तात्या, तुमचा बैलच माझ्या अंगाला वढत हुता!”

“बैलाचं नाव घिऊ नगंस! बैल गेला बिचारा!”

पुढचा तास पॅलेस्टाईन राहिलं बाजूला. कुणाचा बांध, कुणाचा बैल, कोणत्या साली. मीही शेवटी तावातावाने विचारलं, “मग आता तो बांध आहे तरी कुठे?”

दोघं भाऊसाहेबांकडे वळले. भाऊसाहेबांनी हळूच सांगितलं, “धरणाच्या तळाशी.”

जाता जाता मी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की या चार नकाशांवरही वाद आहे, दुसरी बाजू म्हणते ते चुकीच्या पद्धतीने काढलेत.

भाऊसाहेबांनी मान डोलावली. “नकाशावर वाद नाही असा जमिनीचा वाद मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.”

*

भाऊसाहेबांचा खरा दिवस तिसरा. मी सांगत होते की तुर्कांच्या राज्यात जमिनीची नोंद सुरू झाली, तेव्हा कर लागेल, पोरांना फौजेत नेतील, या भीतीने पुष्कळ शेतकऱ्यांनी स्वतःचं नाव लावलंच नाही. नाव लागलं शहरातल्या बड्या माणसांचं.

भाऊसाहेब ताडकन उठले. “कसणारा एक आणि कागदावर दुसराच! पुढे त्या दुसऱ्याने विकली असणार!”

“हो, काही ठिकाणी तसंच झालं.”

“आणि घेणाऱ्याने कागद बघून घेतली. म्हणजे त्याच्या मते व्यवहार चोख!”

“हो!”

“पीकपाहणी कुणाची होती?” भाऊसाहेब नकाशाजवळ आले. “तिथे तलाठी कोण होता?”

मग मी पहिल्या महायुद्धातल्या इंग्रजांच्या आश्वासनांकडे वळले. अरबांना एक, ज्यूंना एक. भाऊसाहेब खाली बसले. लाल पेन काढलं, निळं काढलं, दोन्ही परत खिशात ठेवली.

“एक प्लॉट, दोन गिऱ्हाइकं,” ते म्हणाले. “आणि विकणारा बोटीने घरी!”

*

पुढच्या रविवारी मी जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, फळं आणली. तिथल्या माणसाचं त्या झाडाशी काय नातं आहे, पिढ्यान् पिढ्या एकच झाड कसं जपतात, हे मी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं आणि पुण्याहून आणलेली बाटली फिरवली.

तात्यांनी एक फळ तोंडात टाकलं आणि बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले. अण्णांनी बी काढून खिशात ठेवलं. म्हणाले, “लावून बघतो.”

शेवंताकाकू बोलल्याच. “पोरी, कुनी केलंय हे? मिठाला हात लई सैल सुटलाय. अन् फोडनीच न्हाई!”

बाटली त्या घरी घेऊन गेल्या. पाचव्या रविवारी परत आणली. मोहरी, हिंग, लाल तिखट, वर बोटभर तेल. सगळ्यांनी भाकरीशी खाल्लं. करवंदाच्या लोणच्यापेक्षा उजवं, असं एकमताने ठरलं. सहा आठवड्यांत एकमताने ठरलेली ही एकमेव गोष्ट!

*

त्याच पाचव्या रविवारी मी वादसभा ठेवली. तात्या आणि काकू पॅलेस्टिनींच्या बाजूने, अण्णा आणि भाऊसाहेब ज्यूंच्या. दोन्ही बाजूंना मी आधी तयारी करून दिली. एकीकडे गावं सोडून पळालेली, हाकललेली माणसं. दुसरीकडे युरोपात लाखोंनी मारले गेलेले, कुठेच थारा न मिळालेले, आणि शतकानुशतकं प्रार्थनेत त्याच भूमीचं नाव घेणारे लोक.

अण्णा बोलायला उभे राहिले आणि दोन मिनिटांत चष्मा काढून पुसू लागले. ते पाहून समोरच्या बाजूच्या काकूंनी पदर डोळ्याला लावला.

“काकू, तुम्ही विरोधी बाजू आहात!”

“असू दे की. आगीतनं आलेलं मानूस दारात आलं, तर त्याला काय हाकलायचं?” मग त्या अण्णांकडे वळल्या. “पर आल्याव आधीच्याला भाईर काढायचं, हे बी कुठं शिकलासा?”

“म्या न्हाई काढलं!” अण्णा म्हणाले.

“मंग कुनी काढलं?”

अण्णांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. निकाल मी राखून ठेवला.

शेवटी मी प्रत्येकाला मायभूमीची व्याख्या विचारली. भाऊसाहेब म्हणाले, “जिथे सातबाऱ्यावर नाव आहे ती.” अण्णा म्हणाले, “जितं आपलं भांडान हाय ती.” काकूंनी थोडा विचार केला. “न इचारता चुलीपशी जाता येतं, ती. बाईमानसाला दोन गावं असत्यात, अन् कदी कदी एक बी नसतं.”

तात्यांनी व्याख्या दिली नाही. ते दर रविवारी उठताना जे विचारायचे, तेच त्यांनी विचारलं. “पोरी, त्या लोकांना घरी जाता आलं का?”

“नाही, तात्या. बहुतेकांना नाही.”

“पान्यात गेलं व्हय घर?”

“नाही. पाण्यात नाही गेलं.”

“मंग?”

मी वहीच्या मागच्या बाजूला तो ‘मंग’ लिहून घेतला.

*

तात्या का विचारतात, ते काकूंनी मला कप विसळताना सांगितलं. उन्हाळ्यात धरण उतरतं. एखाद्या वर्षी जांभूळटेपचं देऊळ उघडं पडतं, आणि फारच उतरलं तर तात्यांची आळी. गेली कितीतरी वर्षं पाणी देवळाच्या पायरीवर येऊन थांबत होतं. तात्या दर वर्षी म्हणायचे, औंदा उतरंल. यंदा त्यांचे गुडघे गेले होते. हे वर्ष हुकलं तर पुढचं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

म्हणून सहाव्या रविवारी कुलूपकिल्ल्यांबद्दल सांगताना मी जरा जपूनच बोलत होते. पॅलेस्टिनींच्या कित्येक घरांत म्हातारी माणसं गमावलेल्या घराची किल्ली अजून जपून ठेवतात, असं म्हणाले आणि तात्यांकडे बघायचं टाळलं.

तात्या हसले. “आमाला कसली आली किल्ली! कुलूप कुनाच्या दाराला हुतं? नुसती कडी.”

“मग तुम्ही काय आणलंत?”

“दार आनलं.”

खरंच आणलं होतं. दोन फळ्यांचं सागवानी दार, बैलगाडीवर घालून. नव्या घराच्या चौकटीला ते एक हात बुटकं पडलं. पंचवीस वर्षं ते शेळ्यांच्या गोठ्याला आहे!

*

मे महिन्यात एका सकाळी अण्णांनी तात्यांचं दार वाजवलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. “तात्या, आळी उघडी पडलीया. टेम्पो सांगितलाय.”

आम्ही पाचही जण गेलो. तात्यांना पुढच्या सीटवर बसवलं. खाली भेगा पडलेला गाळ, मध्ये मध्ये दगडांच्या ओळी, आणि पलीकडे उरलेलं थोडं पाणी. सगळ्यात आधी काय सापडलं असेल? बांध!

“बगा! बगा कुठं हाय त्यो!” अण्णा ओरडले.

“बगतोय की! माझ्याच अंगात शिरलाय!”

अर्धा तास चालू होतं. शेवटी भाऊसाहेब मध्ये पडले. “अहो, ही जमीन आता दोघांचीही नाही. सरकारची आहे!”

“तुमी गप ऱ्हावा!” दोघं एका सुरात म्हणाले.

मग अण्णांनी तात्यांचा दंड धरला आणि त्यांना वरच्या आळीकडे नेलं. तिथे गुडघाभर उंचीचीही भिंत नव्हती. नुसती पायाच्या दगडांची चौकोनी रेघ. तात्या एका जागी थांबले. चपला काढल्या, मान खाली घातली, कमरेत वाकले आणि आत गेले. त्यांच्यामागून अण्णाही वाकून गेले.

मी घाईघाईने फोटो काढायला बाजूने दगड ओलांडून आत शिरले.

“अगं ए पोरी!” तात्या खेकसले. “भिंतीतनं काय येतीस? दार हाय की!”

मी परत बाहेर गेले. वळसा घालून त्या जागी आले आणि चपला काढल्या.

“वाक,” आतून अण्णा म्हणाले. “डोकं आपटंल.”