गादीसम्राटांचा विरह

सोफे दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली ‘गादीसम्राट’ म्हणायची. हाताला गुण असा की कुबड आलेला सोफा त्यांच्या दुकानातून ताठ मानेने बाहेर पडायचा. पण सम्राटांची पक्की समजूत होती की आपला जन्म गाण्यासाठी झालाय. आणि गाणं एकच: प्रेमभंगाचं ते जुनं, सगळ्यांच्या ओठांवरचं, ऐकून दगडालाही पाझर फुटावा असं.

सम्राट गायला लागले की मात्र लोक टाळ्यांचा ठेका धरायचे. दोष हातोडीचा. उभा जन्म तोंडात खिळे धरून, मिटल्या ओठांनी हेच गाणं गुणगुणत त्यांनी ठोकाठोक केली होती. त्यामुळे गाण्यातली प्रेयसी कायमची सोडून चालली तरी मागे ठक-ठक-ठक असा उत्साह! मागच्या वर्षी कारागिरांच्या संमेलनात कुलूपवाल्याने शिट्टी मारली, ती त्यांच्या फार जिव्हारी लागली. यंदा निदान एक डोळा ओला झाला पाहिजे, नाहीतर गाणं बंद, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

“दाजी, तुम्हाला विरह ठाऊकच नाही,” साथीला कीबोर्ड वाजवणारा मेव्हणा म्हणाला. “ताई कधी एक दिवस तरी तुम्हाला सोडून राहिलीय का?”

झालं! सम्राटांनी बायकोपुढे हात जोडले. “अगं, आठवडाभर भावाकडे जाऊन राहा. कलेसाठी.”

“चहा तरी जमेल का माझ्यावाचून?” असं म्हणत बिचारी बॅग भरून गेली.

विरहाची वाट बघत सम्राट पलंगावर आडवे झाले आणि घोरू लागले. पंखा पाचवर, टीव्ही मोठ्याने, ओला टॉवेल गादीवर, आणि बोलणारं कोणी नाही. गालांवर तकाकी आली. त्यांना स्वतःचीच लाज वाटायची, पण भूक काही कमी होईना.

संमेलनात त्यांचा आवाज असा काही लागला की विचारू नका. पहिल्या कडव्याला सभागृह डोलायला लागलं, दुसऱ्याला कुलूपवाला खुर्चीवर चढून नाचला. फक्त मागच्या रांगेत, भावाकडून बॅगेसकट थेट तिथे आलेली बायको रुमालाने डोळे पुसत होती. गाणं संपताच सम्राट धावत तिच्यापाशी गेले.

“रडलीस ना? खरं सांग, रडलीस ना?”

“रडू नको तर काय करू? तिकडे तुमच्या काळजीने माझ्या घशाखाली घास उतरेना, आणि इथे तुम्ही गुटगुटीत! आवाजसुद्धा कसा फुललाय मेला. जाते मी परत. राहा सुखात!” बॅग उचलून ती दाराकडे चालू लागली.

सम्राटांनी थांब म्हणायला तोंड उघडलं. पण वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं तेवढंच बाहेर पडलं. भर दारात उभं राहून त्यांनी तेच गाणं पुन्हा धरलं. ठेका नाही, सूर नाही, मध्येच हुंदका. खुर्च्या आवरणारे जागच्या जागी थांबले. कुलूपवाला नाक ओढू लागला. सम्राटांचं तिकडे लक्षच नव्हतं.

बायकोने शेवटच्या ओळीपर्यंत ऐकून घेतलं.

“भयंकर गायलात,” ती म्हणाली आणि बॅग त्यांच्या हातात दिली. “चला घरी.”