काकूंची तक्रार

वाइंडिंगवाले काका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. जळलेल्या मोटारींच्या तारा उपसून नव्या गुंडाळण्यात त्यांची हयात गेली. स्वयंपाकघराशी संबंध पाण्याच्या पेल्यापुरता.

मागच्या मोठ्या तापात काकूंच्या तोंडाची चव गेली, ती ताप उतरला तरी परतली नाही. पुढ्यात येईल त्याला त्या "छान आहे" म्हणू लागल्या आणि काका हादरले. साऱ्या संसारात काकूंनी कशालाही, काकांना धरून, छान म्हटलेलं नव्हतं.

"हिचा स्वभाव सुधारलाय," ते मला हळूच म्हणाले. "लक्षण चांगलं नाही."

नोकरीत असताना काकू ऑफिसखालचा चिनी फ्राइड राइस आवडीनं खायच्या. काकांनी तोच घरी करायला घेतला. पहिल्या खेपेला कुकरमधला वाफाळता भात थेट कढईत गेला आणि पोस्टर चिकटवायची खळ तयार झाली. काकू दोन घास खाऊन म्हणाल्या, "छान आहे." काका उठून बाल्कनीत जाऊन बसले.

मग त्यांच्यातला कारागीर जागा झाला. ओलं वाइंडिंग चालू केलं की जळणारच. भाताचं निराळं काय असणार? पुढच्या वेळी त्यांनी मोकळा शिजवलेला भात ताटांत पसरून टेबलफॅनपुढे ठेवला आणि खोलीचं दार लावून घेतलं. मी डोकावलो तर म्हणाले, "धूळ आणू नकोस. वाळतंय."

भात गार, कोरडा झाल्यावर कढई तापली. धूर निघाला तेव्हा तेल पडलं. अंडं क्षणात फुलून आलं. लसूण, आलं, कांद्याची पात, मग भात. दाणा न् दाणा सुटा होऊन उडत होता, पुन्हा कढईतच पडत होता. काकांनी सोया सॉस कडेकडेनं सोडला आणि असा वास उठला की मी बोलायचं विसरलो. एवढ्याशा शेगडीवर, एका पंख्याच्या वाऱ्यावर हे घडलं होतं.

काकूंनी घास घेतला. चावता चावता थांबल्या. काका हातात उलथनं धरून उभेच.

"अहो, आलं केवढं घातलंत? आणि मीठ काय दुकानातच राहिलं?"

काकांनी मीठ पुढे सरकवलं. चष्मा काढून पुसत राहिले.

"आणखी सांग," ते म्हणाले.

"पात जाड चिरलीय," म्हणत काकूंनी बघता बघता रिकामी झालेली ताटली पुढे केली.