वाकडा कप

आज सकाळी मी मोठ्या शहाणपणानं बायकोला पोरीनं पाठवलेल्या मातीच्या वाकड्या कपात काठोकाठ चहा दिला. तिचे हात हल्ली थरथरतात. निम्मा चहा साडीवर सांडला. भिजल्या मातीचा वास आला आणि तो जुना व्हिडिओ कॉल आठवला.

आमची पोर डिझाइन शिकून पोर्तुगालात एका म्हाताऱ्या कुंभारासोबत कप बनवत होती. चाकावर त्याचे हात कापत, कपाचा काठ डोलतच वर येई.

"बाबा, ही थरथर आम्ही तशीच ठेवून राह्यलो," ती म्हणाली.

"बुढ्यानं सकाळीच घेतली काय वं?" मी विचारलं. इकडे यवतमाळात आम्ही नवराबायको पोट धरून हसलो होतो.

आज मी तिची साडी पुसत होतो. रिकामा कप दोन्ही हातांत धरून बायको म्हणाली, "त्या बुढ्याले आता चहा कोण पाजत असन हो?"